स्किझोफ्रेनियाचा धोका ईईजीवर आधीच दिसत असेल तर भावंडांची टेस्ट करावी का?

शिवार७७: माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजात असताना रात्र रात्र जागायचा, टीव्हीवाले माझ्याबद्दलच बोलतायत म्हणायचा, आणि घरात अंगारेधुपारे चालले होते, त्यात वर्षं गेली. म्हणून ही ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवायची टेस्ट डोक्यातून जात नाहीये. डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी, समोर मुका पिक्चर, कानात तोच तोच बीप आणि मधेच एखादा वेगळा. आपलं लक्ष नसलं तरी मेंदू १५०-२०० मिलिसेकंदांत त्या वेगळ्या बीपची दखल घेतो आणि ईईजीवर तशी लाट उमटते, हिला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात, फिनलंडच्या रिस्टो नॅटानेन यांनी १९७८ मध्ये मांडलेली. स्किझोफ्रेनियात ही लाट छोटी येते, आणि काही अभ्यासांत तर पुढे आजार झालेल्यांमध्ये ती आधीपासूनच छोटी दिसली. मग टेस्ट का नको?

मीरा_स: दादा, मला हे अजिबात पटत नाही. आजार होतो साधारण शंभरात एकाला. समजा टेस्ट आजारी-निरोगी दोन्ही ९० टक्के बरोबर ओळखते, इतकी चांगली अजून नाहीच, तरी हजारातले ९ खरे सापडतील आणि ९९ निरोगी माणसांवर शिक्का बसेल. आपल्याकडे लग्न जमवताना घरात कोणाला 'मानसिक' आहे का हे आधी विचारतात हो!

शिवार७७: सरसकट सगळ्यांची कोण म्हणतंय? सख्ख्या भावंडांत धोका साधारण दहा टक्के. तुमचाच हिशेब शंभर भावंडांना लावा, ९ खरे, ९ खोटे. निम्मे तरी बरोबर ना!

कोकणी_माणूस: आणि त्या १८ जणांना देणार काय? आजार नक्की टाळेल असं औषध नाही. आजाराआधीच्या सौम्य लक्षणांचं निदान २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात, मुख्य यादीत घेतलं नाही, त्यामागे हीसुद्धा भीती होती की तरुण पोरांना उगाच अँटिसायकोटिक, म्हणजे या आजारावरच्या गोळ्या चालू होतील, त्यांनी वजन वाढतं, शुगर वाढते. शिवाय लाट छोटी हे गटाच्या सरासरीत दिसतं, निरोगी माणसातही ती कमीजास्त असतेच, एकट्याचा रिपोर्ट बघून काय सांगणार?

शिवार७७: गोळ्या नकोतच. धोका कळला तर पोरगं गांजापासून लांब राहील, घरचे डोळ्यात तेल घालून बघतील. उपचार जितके उशिरा तितकं बाहेर येणं अवघड, हे आमच्या घरात बघतोय.

मीरा_स: त्यासाठी टोपी कशाला? भावाला आजार आहे एवढं पुरे की.

शिवार७७: पुरे नाही पडत. धाकटी बहीण कॉलेजात आहे, परीक्षेच्या टेन्शनने जागली तरी आईचा जीव वरखाली होतो. तिची झोप उडाली, मैत्रिणी तुटल्या तर थेट सायकियाट्रिस्टकडे, हे घरात ठरलंय. पण कुठे संशोधनासाठी ही टेस्ट घेत असतील आणि ती स्वतः हो म्हणाली, तर मी तिला अडवणार नाही.