मदत हवी आहे: नव्या एएम५ मशिनमध्ये जुना कूलर, केस आणि पॉवर सप्लाय चालेल का?

नमस्कार मंडळी,

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) स्वतःच्या हातानं डेस्कटॉप असेंबल करायचं ठरवलंय. काम मुख्यतः व्हिडिओ एडिटिंगचं, जोडीला ब्लेंडरमध्ये थोडं थ्रीडी. पार्ट निवडायच्या साइटवर सगळ्यापुढे 'कंपॅटिबल'ची हिरवी खूण आली, पण माझ्या केसमधला (कॅबिनेटमधला) पुढचा पंखा किती जागा खातो हे त्या खुणेला कुठून कळणार? म्हणून ऑर्डर देण्याआधी इथं विचारतेय.

नवीन घ्यायचं: रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५-६००० रॅम, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी) एसएसडी.

जुन्यातलं वापरायचं: टॉवर कूलर, केस, ५५० वॉटचा मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) पॉवर सप्लाय आणि साटाच्या (केबलनं जोडायच्या) दोन ड्राइव्ह. जुनी रॅम डीडीआर४ आहे, ती बाद. दोन्हींच्या पिना २८८च असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, आणि एएम५ला डीडीआर५शिवाय काही चालत नाही.

खरी अडचण कूलरची. ९६००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. माझा टॉवर कूलर १५८ मिमी उंच, केसची मर्यादा १६०, म्हणजे झाकण लागेल. आधीच्या एएम४ सॉकेटचे कूलर एएम५वर बसतात असं सगळीकडे वाचलं. पण माझा कूलर खोलून पाहिला, तर बोर्डाची मूळ बॅकप्लेट (मागच्या बाजूची आधाराची प्लेट) काढून तिथं कूलरसोबत आलेली वेगळी प्लेट लावलेली आहे. एएम५मध्ये प्रोसेसर दाबून धरणारी चौकट मूळ बॅकप्लेटलाच जखडलेली असते, ती प्लेट काढता येत नाही. मग या कूलरचे स्क्रू कशात पिळायचे?

दुसरं, कार्डाची लांबी. केसच्या माहितीपत्रकात ३२० मिमी लिहिलंय, पण तो आकडा पुढे पंखा नसतानाचा आहे. मागच्या पट्टीपासून पंख्यापर्यंत टेप लावून मोजलं तर २९५ मिमी भरतं. आवडलेलं कार्ड ३०० मिमीचं आहे. पंखा काढायचा जीव होत नाही, कारण रेंडर तासन् तास चालतं.

तिसरं, ५५० वॉट पुरतील का? माझ्या सप्लायची ग्राफिक्स कार्डाची एक केबल हरवली आहे. भावाकडे दुसऱ्या कंपनीच्या सप्लायची केबल पडून आहे, टोकं अगदी तशीच दिसतात. ती वापरू का?

रॅम १६च्या दोन पट्ट्या घ्याव्यात की ८च्या चार, तेही सांगा. चार घेतल्या की सगळे स्लॉट भरतील.

प्रतिसाद १

आधी केबलचं, कारण त्यात धोका आहे. ती केबल अजिबात लावू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनेवर ग्राउंड, हे प्रत्येक कंपनी स्वतःचं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो. केबल बरोब्बर बसते आणि चालू करताच कार्ड किंवा ड्राइव्ह जळते.

वॉटचा हिशोब: ९६००एक्स मूळ सेटिंगमध्ये ८८ वॉटपर्यंत जातो, ४०७० सुमारे २००, बाकी सगळं मिळून ५०-६० धरा. बेरीज ३५०च्या आसपास. कागदावर ५५० पुरतात, पण कार्ड क्षणभर बरीच जास्त वीज ओढतं, म्हणून एनव्हिडिया ४०७०साठी ६५०चा सप्लाय सुचवते. तुमचा जुना आहे, वर केबलही अपुऱ्या. माझं मत विचाराल तर नवा ६५० किंवा ७५० घ्या आणि त्याच्या खोक्यातल्याच केबल वापरा. साटा ड्राइव्हच्या पॉवर केबलसुद्धा जुन्या सप्लायच्या लावू नका.

प्रतिसाद २

कूलरबद्दल तुमची शंका रास्त आहे. जे कूलर मूळ बॅकप्लेटच्या भोकांत स्क्रू पिळतात तेच एएम५वर चालतात, स्वतःची प्लेट मागून लावणारे नाहीत. मात्र बऱ्याच कंपन्या जुन्या कूलरसाठी एएम५चं माउंटिंग किट देतात. तुमच्या मॉडेलचं मिळतंय का ते आधी बघा, कूलर वाचेल.

पंखा काढू नका, आखूड कार्ड घ्या. ४०७० दोन पंख्यांच्या, २५० मिमीच्या आत बसणाऱ्या रूपातही येतं, वेगात नाव घेण्यासारखा फरक नाही.

रॅम दोनच पट्ट्या. या प्रोसेसरला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५६०० आहे आणि चार लावल्या की थेट ३६००. ६००० हा एक्स्पो प्रोफाइलचा (रॅममध्ये साठवलेल्या वाढीव वेगाच्या सेटिंगचा) वेग, तो बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन चालू करावा लागतो. पट्ट्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. उंच हीटसिंकवाली रॅम घेऊ नका, कूलरचा पंखा तिला अडतो आणि वर सरकवला तर तुमचे ते २ मिमीही जातील.

बोर्डाचं बायोसही विचारून घ्या. बी६५० बाजारात आला २०२२मध्ये, ९६००एक्स २०२४मध्ये. जुन्या साठ्यातला बोर्ड हा प्रोसेसर ओळखणार नाही. प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस चढवायचं फ्लॅशबॅक बटण असलेला बोर्ड निवडा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! सप्लाय नवा घेतेय, कार्ड आखूड. माझ्या कूलरचं एएम५ किट कंपनीच्या साइटवर दिसलं, ते मागवते. एक राहिलं: एनव्हीएमई लावल्यावर साटाचे पोर्ट बंद पडतात म्हणे?

प्रतिसाद २

काही बोर्डांवर पडतात, सगळ्यांवर नाही. मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉटच्या (एनव्हीएमई बसते त्या जागेच्या) तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. प्रोसेसरला थेट जोडलेल्या, म्हणजे बहुतेक सगळ्यात वरच्या स्लॉटमध्ये एसएसडी लावा, सहसा अडचण येत नाही. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहिली तर घाबरून बटण दाबू नका. एएम५ बोर्ड तेवढ्या वेळात रॅम तपासून तिची जुळणी करत असतो.