गौरी-गणपतीचं निर्माल्य नदीत जाऊ द्यायचं नाही, गावातच खत करायचंय

पंचगंगाकाठ
गाव करवीर तालुक्यात, नदीकाठी. साधारण 300 घरं. घरगुती गणपती गौरीबरोबर एकाच दुपारी घाटावर येतात. यंदा तरुण मंडळ आणि बचत गटातल्या बायका मिळून निर्माल्य गोळा करणार आहोत. माणसं 20-22 जमतील. जागा किती लागेल, ढीग कसा लावायचा आणि घाटावर कुणी काय करायचं, हे नीट सांगा. भाद्रपदातल्या पावसाची धास्ती आहे.

पाचटवाला
घरटी दोन किलो धरा, म्हणजे 600 किलो झालं. त्याला दीड मीटर रुंद, एक मीटर उंच आणि तीन मीटर लांब ढीग पुरतो. उंची मीटरभराच्या खाली नको, ढीग तापत नाही. जागा पूररेषेच्या वर, जरा उंचवट्यावर आणि विहीर-बोअरपासून लांब बघा. भोवतीनं वीतभर खोल चर काढा.

खरं काम निवडायचं आहे. हारातला नायलॉन दोरा, टाचण्या, तारा, जरीच्या माळा, थर्माकोल, प्लॅस्टिकची फुलं, कापराच्या पुड्या हे सगळं हातानं बाहेर काढायचं. दोरा राहिला की ढीग परतताना फावड्याला गुंडाळतो आणि शेवटी चाळणीत अडकतो. नारळ आणि नैवेद्य वेगळे. शिजलेलं अन्न ढिगात गेलं की कुत्री उकरतात आणि माशा होतात. केळीचे खुंट कोयत्यानं बोटभर जाडीचे तुकडे करूनच टाका, नाहीतर आत ओला गोळा तसाच राहतो.

तेरडा, दूर्वा, झेंडू यांत पाणी फार. म्हणून दोन पाट्या निर्माल्याला एक पाटी कोरडं पाचट (उसाची वाळलेली पानं) घ्या. पाचट कडबा कुट्टी यंत्रातून बारीक करून काढलेलं हवं, लांब पाचट महिनोन्महिने कुजत नाही. सगळ्यात खाली वीतभर पाचट, त्यावर वीतभर निर्माल्य, मग शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण आणि गूळ) शिंपडायचा, परत पाचट. वरचा थर पाचटाचाच. एवढ्या ढिगाला 20 किलो ताजं शेण, 40 लिटर पाणी आणि एक किलो काळा गूळ बास. गूळ वाढवू नका, मुंग्या लागतात.

वर ताडपत्री टाका, पण ढिगाला चिकटवून नको. बांबूच्या कमानीवर ताणा, बाजूनं वारं फिरलं पाहिजे. पावसाचं पाणी आत मुरलं की हवा कोंडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तसं झालं तर ढीग फोडून पाचट वाढवायचं, औषध-बिषध काही लागत नाही.

घाटावरची ताई
माणसांची वाटणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. लोक श्रद्धेनं आणतात, त्यांच्यासमोर निर्माल्य ट्रॉलीत भिरकावलं किंवा त्यावर पाय पडला तर पुढच्या वर्षी कुणी देणार नाही. टेबलावर स्वच्छ कापड घाला, निर्माल्य दोन्ही हातांनी घ्या आणि निवडायचं काम घाटापासून आडबाजूला करा.

दोन टेबलं पुरतात, प्रत्येकी तिघं. त्यातलं एक माणूस वयस्कर आणि गावात मान असलेलं हवं. "आजी, आरती इथंच करा, मग निर्माल्य आमच्याकडं द्या" हे त्याच्या तोंडून लोक ऐकतात. निवडायला आठ जण, रबरी हातमोजे घालून, कारण टाचण्या हमखास टोचतात. ट्रॉलीवर दोघं. बाकीचे पायऱ्यांवर, गळ्यात ट्यूब किंवा लाइफ जॅकेट, हाताशी लांब दोर. पायऱ्यांवर शेवाळ असतं, आदल्या दिवशी ताठ खराट्यानं घासून काढा. दर दोन तासांनी पाळी बदला. टेबल पायऱ्यांच्या तोंडाशी ठेवा. खाली पाण्याजवळ ठेवलं की निम्मं निर्माल्य आधीच नदीत जातं.

घरगुती मूर्तींच्या विसर्जनासाठी पाणी भरलेल्या काहिलीही (मोठ्या पसरट कढया) मांडा, गुऱ्हाळातली मिळाली तर उत्तमच. लहान मुलं पाण्यात उतरायचा प्रश्नच राहत नाही.

पंचगंगाकाठ
दोघांचे आभार. ढीग तापलाय हे कसं ओळखायचं? आणि हळद-कुंकू, गुलाल चालेल?

पाचटवाला
लोखंडी सळी मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हात धरवत नाही इतकी गरम हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अशी लागली पाहिजे. गार लागली तर एक तर फार ओलं आहे किंवा शेण कमी पडलं. ओल बघायला मूठभर माल दाबा: दोन-चार थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाचट घाला. परतणी सातव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या दिवशी, आतलं बाहेर, बाहेरचं आत.

हळद चालते. बाजारच्या कुंकवात, शेंदरात आणि गुलालात रासायनिक रंग असतात, शेंदरात शिसंही असू शकतं. त्या पुड्या बाजूला काढा. हाराला लागलेलं थोडंफार जातंच, म्हणून हे खत पालेभाजीला न घालता शाळेतली, देवळाभोवतालची झाडं आणि फुलझाडांना घाला. दिवाळीच्या सुमारास माल काळा, भुसभुशीत होतो आणि मातीचा वास येतो. तेव्हा चाळा. चाळणीवर उरलेलं जाडंभरडं फेकू नका, पुढच्या ढिगाला विरजण म्हणून कामाला येतं.