झाले किती, राहिले किती? (अनुभव धागा)

निवृत्त गुरुजी, कुही
जनगणनेची चर्चा पुन्हा सुरू झाल्यामुळे 1991 साली प्रगणक म्हणून फिरलो ते दिवस आठवले. विवाहित स्त्रीला जिवंत जन्मलेली मुले किती आणि त्यांपैकी हयात किती, असे दोन प्रश्न विचारावे लागत. एका घरी ओसरीवर बसलेल्या नवऱ्याने "तीन" असे सांगितले, तेव्हा आतल्या दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने न बोलता पाच बोटे दाखवली. आपापल्या गावचे, घरचे अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

उमरेडची सून
स्वयंपाक करता करता लिहीत आहे, चुका पोटात घाला. माझ्या सासूबाईंच्या वेळी बाळाला पहिला चीक पाजत नसत, तो पिळून टाकत आणि तीन दिवस गूळपाणी देत. शिवाय पोटुशी बाई जास्त जेवली तर बाळ मोठे होऊन अडेल, या भीतीने तिच्या ताटातली भाकर कमी केली जाई. ही समजूत अडाणीपणाची असली, तरी दवाखाना वीस कोसांवर असताना अडलेली बाई वाचत नसे, हे त्या घराने डोळ्यांनी पाहिलेले होते.

आशाताई, काटोल
गुरुजी, नमस्कार. दवाखान्यात प्रसूती झाली की आम्ही आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातो. तळपाय थंड लागणे, दूध ओढणे कमी होणे, छाती आत ओढली जाणे ही लक्षणे आता बहुतेक आयांना तोंडपाठ आहेत, आणि गाडीही फुकट मिळते. तरीही कापूस वेचणीच्या दिवसांत "उद्या पाहू" असेच उत्तर येते, कारण वेचणीची मजुरी किलोवर असते आणि बाळासोबत एक बाई गेली की तिच्या मागे घरचे दुसरे माणूसही अडकते. त्या घरात माया कमी असते असे कोणी म्हणू नये.

रात्रपाळी
मी नागपुरातील एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात काही वर्षे काम केले आहे. बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया येथून बाळे येत, आणि हिवाळ्यात अनेक बाळे वाटेतच गार पडलेली असत. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब टिकवणे अवघड जाते. आईच्या उघड्या छातीशी धरून आणले असते तर त्यांतली काही वाचली असती. कागदावर मात्र जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया असे लिहिले जाते. आईचे सतराव्या वर्षी झालेले लग्न आणि तिच्या अंगातले रक्त कमी असणे यांची नोंद त्या रकान्यात होत नाही.

सटवाईचा टाक
आमची आजी म्हणे, "सटवाईने तेवढेच लिहिले होते." वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या महिन्यातच दगावतात, हे वाचल्यावर पाचवीच्या पूजेतली भीती मला प्रथमच कळली.

संत्राबाग
नशिबाचे म्हणाल, तर गडचिरोलीचे उदाहरण पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तेथे हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू 62 वरून सुमारे 25 वर आले आणि 1999 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सटवाईचे लिखाण इतक्या लवकर खोडता येत असेल, तर ते पेन्सिलीनेच लिहिलेले असणार!

आशाताई, काटोल
पेन्सिलीचे पटले, दादा. आदिवासी भागात आजारी बालकासोबत दवाखान्यात थांबणाऱ्या पालकाला 'बुडीत मजुरी' देण्याची तरतूद आहे. शासनाच्या कागदांत मला हाच शब्द सर्वांत खरा वाटतो. ती सगळीकडे मिळावी आणि सुटी होण्याआधी हातात पडावी, एवढेच माझे मागणे आहे.

उमरेडची सून
गुरुजी, त्या घरातल्या दोन मुलांचे काय झाले होते?

निवृत्त गुरुजी, कुही
मी विचारले नाही, ताई. प्रपत्रात तसा रकाना नव्हता. पाच आणि तीन असे आकडे लिहून मी उठलो, तेव्हा पाण्याचा गडू परत घेताना ती हळूच एवढेच म्हणाली, "एक धान कापनीतला होता गुरुजी, अन् एक मिरची तोडनीतली."