झेब्रा डॅनिओ: अंडी मिळतात, पिल्लं टिकत नाहीत (अनुभव धागा; प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

झेब्रा डॅनिओ हा काचेच्या टँकमधला छोटा पट्टेरी मासा अंडी घालायला आढेवेढे घेत नाही. घोडं अडतं ते पाचव्या दिवसापासून. ज्यांच्याकडे पिल्लं मोठी झालीत त्यांनी पद्धत लिहा, आकड्यांसकट. 'थोडंसं' नको.

काचपेटी
आईबाप अंडी घालताघालताच खातात. 10 लिटरच्या टँकच्या तळाला खेळायच्या गोट्या दोन थरांत पसरा, वर पाणी जेमतेम 10-12 सेंमी. अंडी चिकट नसतात, फटींत घरंगळतात. मादी पोटाने फुगीर, नर सडपातळ आणि सोनेरी झाक असलेला. रात्री नर-मादीच्या मधे जाळी लावा, सकाळी उजेड झाला की काढा. तास-दोन तासांत काम उरकतं, मग मोठे मासे बाहेर.

भातखाचर
पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने लगेच उचला, नाहीतर बुरशी शेजारच्यांनाही धरते. 28 अंशांना दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात आणि काचेला टाचण्यांसारखी लटकतात. मेली समजून फेकू नका! पोहायला लागेपर्यंत खाणंही नको, पोटाला बलकाची शिदोरी असते. एक गोष्ट हमखास राहते: पोहायला लागायच्या आधी पिल्लाला वर येऊन हवेची पिशवी भरावी लागते. पाण्यावर तेलकट साय असली तर ते जमत नाही. टिश्यू पेपर अलगद टेकवून साय उचला.

हिरवं पाणी
उकडलेल्या अंड्याचा बलक घालणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. उरलेला कुजतो, अमोनिया वाढतो, सकाळी सगळी पिल्लं मेलेली. त्यापेक्षा इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) करा: बरणीत टँकचंच जुनं पाणी, कोबीचं एक उकडलेलं पान, खिडकीत चार-पाच दिवस. आधी पाणी दुधाळ होतं, घाण वास येतो. ते जीवाणू, तेव्हा घालू नका. पाणी निवळलं आणि टॉर्चच्या उजेडात पांढरी धूळ हलताना दिसली की तयार. दिवसातून तीन-चारदा, ड्रॉपरने.

काचपेटी
यात भर. फिल्टर स्पंजचाच हवा आणि बुडबुडे मोजता येतील इतके सावकाश. दुसरा कुठलाही पिल्लं ओढून घेतो. नवव्या-दहाव्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव): लिटरभर पाण्यात 25-30 ग्रॅम जाडं मीठ, त्यात आर्टेमियाची अंडी, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा), 24 तास. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, जिवंत किडे खाली उजेडाकडे गोळा होतात. नळीने तेवढेच ओढा, दाट कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात.