'इन्कम टॅक्समधून बोलतोय': असा फोन आला तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

पुण्यात टिळक रोडवर एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी काम करते. रिटर्नचे दिवस आले की एखादा तरी अशील धापा टाकत जिना चढून येतो, "मॅडम, इन्कम टॅक्समधून फोन होता, आज पैसे नाही भरले तर अटक करणार म्हणाले." कागद तपासले की देणं शून्य निघतं. तोवर माणसाची झोप उडालेली असते आणि कित्येकांनी घरात चकार शब्द काढलेला नसतो. या गप्प बसण्यावरच ठगांचा धंदा चालतो, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हा धागा. समोरचा नेमकं काय बोलला, शंका कुठे आली, पुढे काय केलंत ते लिहा. पैसे गेले असतील तरी लिहा, इथे कुणी बोल लावणार नाही. फक्त पॅन, खाते क्रमांक आणि कुणाची नावं टाकू नका.

माझ्याकडून एक. नारायण पेठेत छपाईचा व्यवसाय असलेल्या काकांना व्हॉट्सॲपवर नोटीस आली. अशोकस्तंभ, गोल शिक्का, सही, वर डीआयएनसुद्धा. 1 ऑक्टोबर 2019 पासून आयकर विभागाच्या पत्रांवर हा संगणकाने दिलेला क्रमांक बंधनकारक आहे, आणि ते आता ठगांनाही ठाऊक झालंय. आम्ही ई-फायलिंग पोर्टल उघडलं. पहिल्याच पानावर 'ऑथेंटिकेट नोटीस/ऑर्डर इश्यूड बाय आयटीडी' अशी लिंक आहे, लॉगिन लागत नाही. क्रमांक टाकला, तर असं पत्र निघालेलंच नाही. काकांनी मात्र त्याआधीच शिक्क्यावर बोट ठेवलं होतं. "कडेपासून कडेपर्यंत शाई एकसारखी आहे. हाताने मारलेला शिक्का असा उमटत नाही, हा संगणकावर चिकटवलाय."

कोथरूड, निवृत्त शिक्षिका

मला धमकी नव्हती, आमिष होतं. "मॅडम, आपका रिफंड अप्रूव्ह हो गया है." रक्कम पैशांपर्यंत सांगितली, माझं पूर्ण नाव आणि पॅनचे शेवटचे चार आकडे-अक्षरंही बरोबर. खातं व्हॅलिडेट नाही म्हणून पैसे अडकलेत, लिंक पाठवतो, ओटीपी सांगा. मी विचारलं, "कोणत्या असेसमेंट इयरचा रिफंड?" त्यावर साहेबांचा आवाज चढला. वर्गात गृहपाठ न केलेली मुलं अशीच चिडायची, म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी सुनेने पोर्टलवर पाहिलं, तर माझा रिफंड कधीच जमा झाला होता. लिंक पाहिली तर पत्ता दिसायला सरकारी, पण शेवट 'गव्ह.इन'ने होत नव्हता. रिफंड आपण आधी पोर्टलवर पडताळून ठेवलेल्या खात्यातच येतो. अडकला तर पुन्हा पाठवण्याची विनंती आपणच लॉगिन करून टाकायची असते, फोनवर ओटीपी देऊन काही होत नाही. माझ्या मैत्रिणींना मी एवढंच सांगते की पॅन माहीत असणारा माणूस सरकारी असतोच असं नाही. आपल्या पॅनच्या झेरॉक्स आपण किती ठिकाणी देऊन ठेवल्यात ते आठवा.

हडपसर, वर्कशॉप

जीएसटीतून बोलतो, उद्या धाड पडणार, आजच 'सेटल' करा म्हणाला. म्हटलं पत्र पाठवा. केंद्रीय जीएसटीच्या पत्रावरचा डीआयएन सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवर तपासता येतो, ते मला आमच्या सीएने शिकवलंय. पत्र आलंच नाही.

औंध, आयटीत नोकरी

हे पुण्याबाहेरचं आहे, पण इथलंच. 2016 साली माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत शिकत होता. त्याला 'आयआरएस'मधून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्यातून फोन आला की कर थकलाय, व्हिसा रद्द होईल, तासाभरात पोलीस दारात येतील. पैसे गिफ्ट कार्डावर भरायचे आणि मागचे नंबर खरवडून फोनवर वाचायचे. तो दुकानाकडे चालत निघाला होता. फोन चालू ठेव असं बजावलं होतं, तरी त्याने दुसऱ्या फोनवरून आम्हाला मेसेज केला. इथे रात्रीचा एक वाजला होता. बाबांनी उत्तर लिहिलं, "कुठलंही सरकार कर गिफ्ट कार्डात घेत नाही. कॉल कट कर आणि खोलीवर जा." आयआरएस पहिला संपर्क सहसा टपालाने करते, हे त्याला नंतर विद्यापीठाच्या ऑफिसात कळलं.

ऑक्टोबरमध्ये पेपरात बातमी आली. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते, आणि तिथली मुलं अमेरिकन लोकांना आयआरएसच्या नावाने असेच फोन करत होती. बाबा तो पेपर हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. घाबरवणारा आवाज आपल्याच राज्यातल्या कुणा पोराचा असू शकतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

धनकवडी, गृहिणी

आमच्या सासऱ्यांचे पैसे गेले. त्यांना विचारूनच लिहिते आहे.

आधी आयकराचा फोन, मग तोच कॉल 'ईडी'कडे जोडून दिला. व्हिडिओवर खाकी वर्दी, मागे झेंडा. तुमच्या पॅनवर दुसऱ्याच कुणी कंपनी काढून कर बुडवलाय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. आण्णा खोलीचं दार लावून बसले. 'पडताळणीसाठी' म्हणून मुदत ठेव मोडून रक्कम एका खात्यात पाठवली. चारचा चहा त्यांनी कधी चुकवला नाही, त्या दिवशी कप तसाच राहिला. सासूबाईंनी दार ढकललं तेव्हा आण्णांनी तोंडावर बोट ठेवलं. सासूबाईंनी फोन हातातून घेतला आणि बंद केला.

मी लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावला. लागायला थोडा वेळ गेला, पण तक्रार क्रमांक मिळाला. ते यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील विचारतात, तेवढं हाताशी ठेवा. त्याच वेळी यजमानांनी बँकेला कळवलं. दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरला सायबर पोलीस ठाण्यात गेलो. काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली. ती सोडवून घ्यायला आमच्या बाबतीत कोर्टाचा आदेश लागतोय, ते अजून चालू आहे. बाकीची तोवर पुढे सरकली होती.

डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही, 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ते सांगितलं होतं. आण्णांनी तो कार्यक्रम ऐकलाही होता. भीती अंगात शिरली की ऐकलेलं आठवत नाही. कृपा करून कुणी 'एवढे शिकलेले असून' असं म्हणू नका. ते एक वाक्य नातेवाईकांकडून ऐकल्यावर आण्णांनी कट्ट्यावर जाणं सोडलं होतं. आता पुन्हा जातात, आणि तिथे स्वतः हे सांगतात.

बिबवेवाडी

मला 'टॅक्स ऑफिसर'ने स्टार 401 स्टार आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगितलं. त्याने आपले कॉल त्यांच्याकडे वळतात, कॉल करून सांगितले जाणारे ओटीपीसुद्धा. कुणी आधीच केलं असेल तर हॅश हॅश 002 हॅश डायल करा, वळवलेलं सगळं रद्द होतं.

कर्वेनगर

एक वेगळी बाजू. माझ्या भावाला आयकर विभागाचा खरा फोन आला होता, मैसूरच्या डिमांड फॅसिलिटेशन सेंटरमधून. जुनी थकबाकी दिसत होती. त्या बाईंनी पैसे मागितले नाहीत की ओटीपी. पोर्टलवर लॉगिन करून 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' बघा आणि मान्य नसेल तर तिथेच कळवा, एवढंच. त्यामुळे सगळेच फोन खोटे म्हणून पोर्टल बघायचंच नाही, असं करू नका.

धागाकर्ती

कर्वेनगर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. फोन खरा असो वा खोटा, तो ठेवून आपण होऊन पोर्टल उघडायचं. खरी मागणी असेल तर ती तिथे दिसतेच, आणि कर भरायचा तो 'ई-पे टॅक्स'मधून, कुणाच्या यूपीआयवर नाही.

धनकवडीच्या ताई, बँकेला कळवल्याची पोच जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अनधिकृत व्यवहार कळवल्यानंतर पुढे होणारं नुकसान बँकेचं असतं. आण्णांनी रक्कम स्वतः पाठवली, त्यामुळे तुमच्या बाबतीत कितपत लागू होईल ते वकिलांना विचारा.

सिंहगड रोड

वडिलांनी कालच 'ई-चलन' नावाची एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल उघडली. पैसे अजून गेलेले नाहीत. काय करू?

धागाकर्ती

आत्ता त्या फोनचं नेट आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. ते ॲप काढून टाकण्याआधी स्क्रीनचे फोटो घ्या, मग फोन फॅक्टरी रीसेट करा. फाइल ज्या नंबरवरून आली तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु'वर कळवा. पैसे गेल्याचा एक जरी मेसेज आला तर ताबडतोब 1930. वडिलांशेजारी बसून करा, त्यांना एकटं सोडू नका. झालं की इथे लिहा, मी जागी आहे.