मदत हवी आहे: बागेतल्या पक्ष्यांसाठी पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

दापोलीजवळ आमची नारळी-पोफळीची बाग आहे. उंबर पिकला की धनेश येतात, विहिरीच्या काठावर खंड्या ठाण मांडून असतो, थंडीत स्वर्गीय नर्तक पोफळींमधून लांबलचक शेपटी मिरवत फिरतो. मोबाईलवर झूम केलं की या सगळ्यांचा नुसता रंगीत डाग होतो. म्हणून आता कॅमेरा घ्यायचाय. बजेट कार्ड, पिशवी, जादा बॅटरी सगळं धरून ६०,००० रु. त्यापुढे गेले तर घरात अणुस्फोट.

दुकानात विचारायला गेले, तर प्रत्येक डब्याकडे बोट दाखवून "२४ मेगापिक्सेल आहे, बिनधास्त न्या" एवढंच. पक्षी किती लांब असतात, उजेड कसा असतो, कुणी विचारलंच नाही.

बरंच वाचून दोन पर्यायांपाशी अडकलेय. एक, निकॉन पी९५०. २४ ते २००० मिमी झूम (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ), लेन्स बदलायची भानगड नाही, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले फोटोही निघतात. बजेट जरा ताणावं लागेल, पण मोह पडावा असाच आहे. मात्र सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, १/२.३ इंची, अगदी छोटी, आणि पूर्ण झूमला ऍपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ/६.५, म्हणजे उजेड कमीच. आमच्या बागेत सकाळचे ९ वाजले तरी ऊन खाली पोचत नाही, पावसाळ्यात तर दिवसाही दिवा लावावासा वाटतो. दुसरा पर्याय कॅननचा आर५०, पण दोन लेन्सच्या संचाची मला सांगितलेली किंमत आवाक्याबाहेर आहे. नुसत्या १८-४५ मिमी लेन्सवर धनेश काय दिसणार?

वजन उचलायला हरकत नाही, व्हिडिओ नको. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पाणकावळा:
ताई, पोफळीतली सावली हाच तुमचा खरा प्रश्न आहे, झूम नंतर. आर५०सारख्या कॅननमधला एपीएस-सी आकाराचा सेन्सर पी९५०च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने साधारण १२ पट मोठा. नर्तक एका जागी बसतच नाही, त्याला किमान १/५०० सेकंद शटर तरी हवं. सावलीत तेवढं शटर ठेवायचं म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००-३२०० सहज होतो, आणि तिथे छोट्या सेन्सरवर फोटो दाणेदार होऊन पिसांचा रवा होतो.

माझं मत: जुना, नीट वापरलेला कॅननचा २००डी मार्क टू कॅमेरा आणि ५५-२५० मिमी एसटीएम लेन्स. याही कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, त्यासाठी २५० गुणिले १.६, म्हणजे पी९५०च्या मोजमापात ४०० मिमीचा आवाका. कमी वाटतो ना? हिशेब करा. १० मीटरवर फ्रेममध्ये साधारण ९० सेंमी रुंदीचा भाग मावतो. पांढऱ्या गळ्याचा खंड्या २८ सेंमीचा, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश फ्रेम त्याचीच. मोठा धनेश मीटरभर लांब, तो ३० मीटरवरही तेवढाच दिसेल. घरच्या बागेतल्या पक्ष्यांना तुमची सवय असते, हा फायदा आम्हा शहरवाल्यांना नाही.

खाडीकाठ:
थोडा असहमत. पी९५० अगदीच मोडीत काढू नका. खाडीपलीकडच्या झाडावरचा सागरी गरुड ४०० मिमीवर ठिपकाच राहतो. उघड्यावर, सकाळच्या उन्हात आणि बसलेला पक्षी असेल तर पी९५० झकास चालतो, ओळख पटवायला तर उत्तमच. भर दुपारी मात्र हवाच इतकी थरथरते की २००० मिमीचा उपयोग शून्य. पण ताई बागेतलंच म्हणतायत, तर पाणकावळ्यांना +१.

आर५०चा विषय निघालाय म्हणून: तो पक्षी ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो, २००डी मार्क टूला व्ह्यूफाइंडरमधून ९च फोकस पॉइंट. उडत्या पक्ष्यांचं वेड लागलं तर हा फरक जाणवेल. ५५-२५० मात्र तेव्हाही अडॅप्टर लावून आर५०वर चालेल, पैसे वाया जाणार नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! खंड्याच्या हिशेबाने डोकं एकदम साफ झालं. उडते पक्षी सध्या नकोतच, बसलेले नीट आले तरी गंगेत घोडं न्हालं. पण जुनी लेन्स म्हणजे धाकधूक. बघायचं काय नेमकं?

पाणकावळा:
पहिली बुरशी. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की आल्या पावली परत, कितीही स्वस्त देत असला तरी. थोडी धूळ चालते. मग ५५ आणि २५०, दोन्ही टोकांना जवळचं-लांबचं फोकस करून बघा. २५०ला स्टॅबिलायझर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) चालू-बंद करून १/६० सेकंदाला फोटो काढा, फरक दिसलाच पाहिजे. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा. या कॅमेऱ्यांत तो मेनूत दिसत नाही, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर लागतं, म्हणून विकणाऱ्यालाच दाखवायला सांगा. मूळ बिल मागा. बिल नसलेला, बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण इथली वॉरंटी मिळत नाही.

खाडीकाठ:
आणि कोकणात आहात, तर कॅमेऱ्यासोबतच हवाबंद डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घ्या. डब्यात ४० ते ५० टक्के ठेवायचं. कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवलेली लेन्स आमच्याकडे एका पावसाळ्यात गेली. जेलचा रंग बदलला की पाकिटावर लिहिलंय तसं तापवून पुन्हा वापरता येतं.

धागाकर्ती:
डबा आधी घेते, कॅमेरा नंतर. पुण्याला भाऊ आहे, तिथे लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते म्हणे. ५५-२५० एक दिवस आणून उंबराखाली बसते, मग ठरवते.