भंगारवाले काका निवाऱ्यात टिकत नाहीत, काय करू?

निवाऱ्यातली ताई: मी बेघर निवारा केंद्रात काळजीवाहक आहे. खाटा ५०, रात्री माणसं जेमतेम तीस. आणि एसटी स्टँडच्या मागे शटरखाली पथाऱ्याच पथाऱ्या. थंडी पडली की वरून फोन येतो, गाडी न्या, उचलून आणा. आणतो. दोन दिवसांत परत तिथंच.

एक काका आहेत, साठीच्या पुढचे, पुठ्ठा-भंगार वेचतात. पहिल्यांदा आणलं तेव्हा आमच्या एकानं आधार मागितलं, तसे उठून गेले. दुसऱ्यांदा राहिले, पण गोणी मांडीवर घेऊन रात्रभर खाटेवर बसून. पहाटे चारला म्हणाले, गेट उघडा. वॉचमन म्हणाला, सहाला. मला नंतर कळलं, बाजारपेठेतली दुकानं रात्री पुठ्ठा बाहेर टाकतात, झाडूवाले यायच्या आत तो उचलायचा असतो. "ताई, एक दिवस गेला माझा," एवढंच बोलले. हातगाडी भाड्याची, ती तिकडं रस्त्यावर. समजावू तरी काय?

रोखठोक: फुकट खाट मिळतेय, नियम पाळायला काय होतं? सगळ्यांचं ऐकत बसलात तर धर्मशाळा होईल.

परळकर: रोखठोक, खाट फुकट असेल, पण त्यांचा धंदा बुडाला त्याचं काय? ताई, आधार नाही म्हणून परत पाठवायचं नसतं. कागद नसतील तर ते काढून द्यायला मदत करणं हे केंद्राचंच काम. मी मुंबईत सहा वर्षं हे केलं. परळला टाटाच्या आसपास फुटपाथवर राहणारे पेशंट आणि नातेवाईक बघा. लांबच्या उपनगरात कितीही चांगली खोली द्या, केमोचा नंबर लावायला पहाटे कसं पोचणार? त्यांना हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशीच जागा लागते. आणि सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच सांगितलंय, लाख वस्तीमागे एक निवारा, तोही चोवीस तास, बारा महिने. फक्त थंडीपुरता नाही.

वाढपी: मी स्वतः दीड वर्ष असा राहिलोय. केटरिंगला होतो. लग्नसराईत भांडी आवरून सुटायला एक वाजायचा, निवाऱ्याला कुलूप दहाला. मग प्लॅटफॉर्म. पुढे दुसऱ्या केंद्रात एक मावशी भेटल्या. रजिस्टरात नावापुढे "उशिरा" लिहायच्या आणि दाराजवळची खाट ठेवायच्या. तिथं टिकलो. काकांना समजावू नका, गाडी कुठं लावू ते विचारा.

निवाऱ्यातली ताई: विचारलं. गाडी आत घेतली, नळाच्या खांबाला साखळीनं बांधतो, किल्ली त्यांच्याच कमरेला. गेटचं म्हणाल तर वॉचमन कुरकुरत का होईना, चारला उठतो. आठ रात्रींपैकी पाच रात्री आले. काल पहिल्यांदा आडवे झालेले बघितले, गोणी उशाला.

आता शेजारच्या खाटेवाले म्हणतात, गोणीला वास येतो. जिन्याखाली मोटारीजवळ थोडी जागा आहे. पण गोणी नजरेआड झाली तर काका येतील का, ते उद्या त्यांनाच विचारते.